पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट वाचताना

रविवारी सकाळी साडेआठला आमची बेल वाजवायची हिंमत सोसायटीत एकाच व्यक्तीत आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंत. दार उघडलं तर काकूंच्या हातात तीन पानांची प्रिंट आणि मागे त्यांचा भाचा. भाचा छत्तीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये त्याला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात डावीकडे गाठ दिसली, ऑपरेशन झालं, तुकडा बायोप्सीला गेला. पहिला रिपोर्ट चार दिवसांत आला होता, त्यात एवढंच लिहिलं होतं की ग्लायोमा आहे, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या ग्लायल पेशींची गाठ, बाकीचं आयएचसी, म्हणजे मार्कर प्रथिनांची तपासणी, झाल्यावर सांगू. हा दुसरा रिपोर्ट.

काकूंनी रात्री बसून त्यावर पेनाने खुणा केल्या होत्या. जिथे पॉझिटिव्ह तिथे फुली, जिथे निगेटिव्ह किंवा लॉस तिथे बरोबरची खूण. आयडीएच-१ आर१३२एच या ओळीपुढे तर दोन फुल्या होत्या, कारण ती ओळ ठळक छापलेली होती.

"अगं, तीन-चार पॉझिटिव्ह आलेत. पण हे बघ, हा एक लॉस आहे. म्हणजे तेवढं तरी बरं ना?"

कोविडच्या दोन वर्षांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसवलंय: पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टला हे गणित लावलं की हमखास उलटं उत्तर येतं. काकूंचंही तसंच झालं होतं. त्या पानावरची सगळ्यात चांगली बातमी नेमकी दोन फुल्यांच्या ओळीत होती.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांना वाटतं, हिमोग्लोबिन आणि शुगरच्या कागदावर सही करणारी. पण माझा बराचसा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली कुणाच्या तरी शरीराचा टाचणीएवढा तुकडा बघण्यात जातो. त्या दिवशी काकूंना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी मार्कर म्हणजे काय ते बघू. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण प्रत्येक पेशी त्यातली सगळी प्रथिनं बनवत नाही. यकृताची पेशी आपली प्रथिनं बनवते, मेंदूची आपली. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकं बघा. माणसं शेवटी सारखीच, पण झब्ब्याच्या रंगावरून आणि फेट्यावरून हे पथक कुठलं ते लांबून कळतं. मार्कर प्रथिन म्हणजे पेशीचा तो झब्बा. पेशी बिघडून गाठ झाली तरी बहुतेक वेळा अंगावरचा झब्बा पुरता उतरत नाही. म्हणूनच ती मुळात कुठली, हे ओळखता येतं.

हा झब्बा बघायचा कसा? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशीचा आकार दिसतो, प्रथिनं दिसत नाहीत. त्यासाठी अँटिबॉडी लागते, म्हणजे एकाच विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू. १९४१ च्या सुमारास अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून ती ऊतीत शोधता येते हे दाखवलं. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची, हवी तेवढी अँटिबॉडी बनवायची रीत काढली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज आमच्या फ्रिजमध्ये छोट्या कुप्यांत ज्या डझनावारी अँटिबॉडी असतात, त्यातल्या बऱ्याच त्याच रीतीच्या लेकी-सुना.

गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवतात, मग मेणात, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवतात. हा झाला ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. फॉर्मालिनमुळे प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधली जातात आणि अँटिबॉडीला जागा सापडत नाही, म्हणून काप गरम द्रावणात उकळावे लागतात. आमच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं या कामाला चक्क घरगुती प्रेशर कुकर होता. नवीन आलेल्या मुलींना पहिलं वाक्य हेच सांगायचो, की शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला धावू नका, घड्याळ बघा. मग अँटिबॉडी टाकायची, धुवायचं, आणि शेवटी एक रसायन घालायचं. अँटिबॉडी जिथे चिकटली असेल तिथे तपकिरी रंग येतो. बाकी सगळं निळसर राहतं.

तपकिरी दिसलं की रिपोर्टवर पॉझिटिव्ह, न दिसलं की निगेटिव्ह. या शब्दांचा अर्थ एवढाच. चांगलं-वाईट नंतर ठरतं, आणि ते कुठलं प्रथिन, कुठल्या पेशीत, पेशीच्या कुठल्या भागात, यावर ठरतं.

भाच्याच्या रिपोर्टमधली पहिली ओळ जीएफएपी पॉझिटिव्ह. जीएफएपी हे मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या आतल्या धाग्यांचं प्रथिन. अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या, त्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या चांदणीसारख्या पेशी. १९७१ साली लॉरेन्स एंग यांनी या प्रथिनाचं वर्णन केलं, तेही गाठीतून नव्हे, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूतल्या जुन्या चट्ट्यांमधून. गाठीत ते सापडलं तर सहसा ही गाठ ग्लायल पेशींची, मेंदूच्या आपल्याच घरातली. त्याच्याच जोडीची ओळ होती ऑलिग-२, तीही पॉझिटिव्ह. तीही त्याच दिशेने बोट दाखवते.

"आपल्याच घरातली म्हणजे वाईटच की," काकू म्हणाल्या.

तसं नाही. मोठ्या माणसांच्या मेंदूत सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा पाहुण्या असतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, आतडं अशा ठिकाणचा कर्करोग रक्तातून मेंदूत येऊन बसतो. एमआरआयवर एकच गाठ असली की मूळची कोण आणि पाहुणी कोण हे ठरवणं कधीकधी अवघड जातं. पाहुण्या गाठीत जीएफएपी सहसा निगेटिव्ह येतं आणि केराटिन वर्गातली प्रथिनं पॉझिटिव्ह येतात. सीके-७ आणि टीटीएफ-१ दोन्ही तपकिरी दिसले तर मी आधी छातीचा स्कॅन मागते. अशा वेळी न्यूरोसर्जनकडे आलेला माणूस पुढच्या आठवड्यात फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे बसलेला असतो, आणि उपचार सगळे बदलतात. जीएफएपी निगेटिव्ह आलं म्हणून तिथे पेढे वाटायचे नसतात.

तिसरी शक्यता लिम्फोमाची. ही लसीका पेशींची गाठ, बहुतेक वेळा सीडी-२० पॉझिटिव्ह. ती मेंदूत असली तरी जमेल तेवढी कापून काढणं हा तिचा मुख्य उपचार नाही. मेथोट्रेक्सेटवर आधारलेली केमोथेरपी हा तिचा मुख्य उपचार. आणि इथे एक गंमत आहे, गंमत कसली, डोकेदुखी आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सुरू केलं की लिम्फोमाच्या पेशीही मरायला लागतात. मग बायोप्सीत हाती लागते नुसती राख. त्यामुळे लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल, तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवतात.

आता दोन फुल्यांची ओळ: आयडीएच-१ आर१३२एच पॉझिटिव्ह.

अकरावी-बारावीत क्रेब्स सायकल पाठ केलेली आठवत असेल. आयडीएच-१ हा त्या सायकलमधल्या एन्झाइमचा चुलतभाऊ, पेशीद्रवात काम करणारा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळेतला १३२ वा मणी असतो आर्जिनिन. काही ग्लायोमात एका जनुकीय चुकीमुळे तिथे हिस्टिडिन येऊन बसतो. आर म्हणजे आर्जिनिन, एच म्हणजे हिस्टिडिन, मधला आकडा मण्याचा. एवढ्या एका मण्याने एन्झाइमचं कामच बदलतं. ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ बनवू लागतं. हा पदार्थ साठत गेला की डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणारी यंत्रणा अडते आणि पेशी मोठी होऊन शहाणी व्हायची ती पोरकटच राहते.

ग्लायोमातला हा बदल लक्षात आला २००८ साली, ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमाच्या, जनुकांचं मोठ्या प्रमाणावर वाचन झालं तेव्हा. मेंदूच्या गाठी बघणाऱ्या कुणालाही तोवर या एन्झाइमवर संशय नव्हता. लगेच पुढच्या वर्षी हायडेलबर्गच्या संशोधकांनी फक्त बदललेल्या मण्याचं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी बनवली. मूळच्या, निरोगी आयडीएचला ती चिकटत नाही. त्यामुळे गाठीच्या कडेला पसरलेली एकटीदुकटी पेशीसुद्धा तपकिरी होऊन हात वर करते. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत आमच्या टेबलावर आलेली ही सगळ्यात उपयोगी कुपी.

आणि तिचा अर्थ? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लायोब्लास्टोमा म्हटल्या जाणाऱ्या रुग्णांचे दोन गट पाडले होते. ज्यांच्या गाठीत आयडीएच बदललेलं होतं, त्यांच्या आयुष्याचा मध्यांक ३१ महिने होता. ज्यांच्या गाठीत बदललेलं नव्हतं, त्यांचा १५ महिने. मध्यांक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. कुणा एकाचं भविष्य तो सांगत नाही, आणि हे आकडे सगळ्यात आक्रमक, चौथ्या ग्रेडच्या गाठींचे आहेत. भाच्याच्या गाठीला ते लावायचे नाहीत, हे मी काकूंना तीनदा सांगितलं. मुद्दा एवढाच, की सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी एका मण्याच्या फरकाने दोन वेगळे आजार निघाल्या.

इतके वेगळे, की पुढे त्यांची नावंच वेगळी केली. जागतिक आरोग्य संघटना मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण ठरवते. १९७९ पासून ते मुख्यतः पेशी कशा दिसतात यावर चालत आलं होतं. २०१६ च्या आवृत्तीत पहिल्यांदा जनुकीय बदल निदानातच घेतले, आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीने मोठ्या माणसांतल्या पसरणाऱ्या ग्लायोमांची मांडणी जवळजवळ आयडीएचभोवती केली. आयडीएच बदललेलं असेल तर ती गाठ अ‍ॅस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. बदललेलं नसेल तर मोठ्या माणसात बहुधा ग्लायोब्लास्टोमा. २००९ च्या अभ्यासातल्या त्या ३१ महिने गटाला आज ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. म्हणूनच दहा-बारा वर्षांपूर्वीचा कुणा नातेवाइकाचा रिपोर्ट आजच्या रिपोर्टशेजारी ठेवून तुलना करू नका. शब्द तेच असले तरी त्यांचे अर्थ सरकले आहेत.

ही अँटिबॉडी निगेटिव्ह आली तर? इथे वय बघावं लागतं. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी सुमारे ९०% या आर१३२एच प्रकारचे असतात. उरलेल्या प्रकारांना ही कुपी ओळखत नाही. त्यामुळे पंचावन्नच्या आतल्या रुग्णात नुसत्या निगेटिव्ह स्टेनवर, म्हणजे अँटिबॉडीच्या रंगावर, थांबत नाहीत, जनुकाचं सीक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर-अक्षर वाचन, करतात. सत्तरीच्या माणसात, दिसायलाही ग्लायोब्लास्टोमाच असलेल्या गाठीत निगेटिव्ह आलं तर पुढे खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो.

पुढची ओळ: एटीआरएक्स, लॉस ऑफ एक्स्प्रेशन. काकूंची बरोबरची खूण. इथे जे दिसायला हवं ते दिसत नाही, ही खबर आहे. एटीआरएक्स हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असतंच. आयडीएच बदललेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात त्याचं जनुक बऱ्याचदा मोडतं आणि प्रथिन गायब होतं, म्हणून गाठीच्या पेशी निळ्या दिसतात.

पण निळं दिसायला दुसरंही कारण असू शकतं, स्टेनच फसलेला असू शकतो. घरातले दिवे गेले की आपण काय करतो? आधी खिडकीतून शेजारी बघतो. त्यांच्याकडे उजेड असेल तर आपला फ्यूज उडालाय. तेही अंधारात असतील तर महावितरणला फोन. एटीआरएक्स बघताना मी नेमकं हेच करते. त्याच काचेवर रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी असतात, मूळच्या मज्जापेशी असतात. त्या तपकिरी आणि गाठ निळी, तर लॉस खरा. सगळंच निळं, तर परत स्टेन लावा.

एकदा एका हॉस्पिटलातून, नाव नको, शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सोमवारी आमच्याकडे आला. फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये. सगळा शेजार अंधारात. काही केल्या एकही केंद्रकातला स्टेन धड लागेना. त्या बाईंच्या मुलाला परत सगळं समजावून सांगताना माझीच मान खाली जात होती. कितीही महागडी अँटिबॉडी आणा, दहा रुपयांचं फॉर्मालिन वेळेवर पडलं नाही तर सगळं मुसळ केरात.

पी५३ पॉझिटिव्ह, सुमारे ६०% पेशींत. हे सगळ्यात तिरकं प्रकरण. पी५३ हे पेशीचं रखवालदार प्रथिन. डीएनएला इजा झाली की पेशीला थांबवणारं, नाहीतर मारून टाकणारं. मग ते भरपूर दिसलं तर चांगलंच की? नाही. निरोगी पेशीत पी५३ बनतं आणि लगेच उचलून टाकलं जातं, म्हणून स्टेनमध्ये जेमतेम दिसतं. आपल्याकडे रोज घंटागाडी येते तोवर कोपऱ्यात ढीग दिसत नाही, तसं. जनुक बिघडून वेडंवाकडं पी५३ बनू लागलं की ते उचललं जात नाही आणि साठत जातं. म्हणजे गडद तपकिरी ढीग हा बहुधा बिघडलेल्या पी५३ चा पुरावा. आणि काही प्रकारच्या बिघाडात ते बनतच नाही, मग स्टेन अगदी कोरा येतो. अति दिसलं तरी संशय, मुळीच न दिसलं तरी संशय.

आता तीन ओळी एकत्र ठेवा. आयडीएच पॉझिटिव्ह, एटीआरएक्स गायब, पी५३ भरपूर. हे तिघं एकत्र आले की अ‍ॅस्ट्रोसायटोमा. एटीआरएक्स शाबूत असतं तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमाचा विचार करावा लागला असता. त्यासाठी १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे एकत्र गेले आहेत का, हे फिश नावाच्या तपासणीने बघावं लागतं. हा घोळ नुसता नावाचा नाही. ज्या ऑलिगोडेंड्रोग्लायल गाठींत हे दोन्ही तुकडे गेले होते, त्यांच्यावरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे २०१३ साली आलेले निकाल असे: फक्त रेडिएशन घेतलेल्या रुग्णांचा मध्यांक ७.३ वर्षं, आणि रेडिएशनबरोबर पीसीव्ही ही तीन औषधांची केमो घेतलेल्यांचा १४.७ वर्षं. दुप्पट. नाव बरोबर पडलं तर उपचार बरोबर पडतो, तो असा.

भाचा इतका वेळ गप्प होता. आता त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, आणि हे केआय-६७? सदुसष्ट म्हणजे खूप झालं ना?"

हा प्रश्न मला वर्षातून वीसदा तरी येतो. सदुसष्ट हा गुणही नाही आणि टक्काही नाही. १९८३ साली जर्मनीत कील शहरात गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अँटिबॉडी शोधली. के-आय हे कील शहराचं, आणि ६७ हा त्यांच्या प्लेटमधल्या खड्ड्याचा नंबर. रोल नंबरच म्हणा. असाच एस-१०० नावाचा एक मार्कर आहे. त्याचं नाव अमोनियम सल्फेटच्या १००% संपृक्त द्रावणात तो विरघळतो म्हणून पडलं. "एस-१०० पॉझिटिव्ह, म्हणजे शंभर टक्के कॅन्सर" असं म्हणत रडणारे एक आजोबा मी पाहिले आहेत.

केआय-६७ विभाजनाच्या चक्रात उतरलेल्या पेशींत दिसतं आणि निवांत बसलेल्या पेशींत दिसत नाही. शंभरातल्या किती केंद्रकं तपकिरी, तो टक्का. भाच्याचा ४ ते ५%. म्हणजे शंभरातल्या चार-पाच पेशी वाढायच्या तयारीत आहेत, बाकीच्या बसून आहेत. कमी ग्रेडच्या ग्लायोमात साधारण असाच छोटा आकडा दिसतो. ग्लायोब्लास्टोमात तो बऱ्याचदा १५-२०% किंवा त्याच्याही पुढे जातो.

पण या आकड्याला धर्मकाट्यासारखं धरू नका. गाठीत कुठे दाट, कुठे विरळ असतं. लक्ष्मी रोडवर दिवाळीआधीच्या संध्याकाळी डोकी मोजली आणि पाषाण तलावाशी सकाळी मोजली, तर पुण्याची गर्दी दोन तऱ्हेची निघेल. आम्ही बहुधा सगळ्यात गर्दीची जागा शोधून तिथे मोजतो. तरीही दोन लॅबमध्ये, इतकंच काय दोन डोळ्यांमध्येही फरक पडतो. ग्लायोमाचा ग्रेड केवळ केआय-६७ च्या टक्क्यावर ठरत नाही. एका लॅबचा ४ आणि दुसऱ्या लॅबचा ७ यावरून रात्र जागवणाऱ्या नातेवाइकांना मी हेच सांगते.

"ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज ना?" काकू. नाही. स्टेज म्हणजे आजार किती लांब पसरला, ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव किती तापट. मेंदूतल्या मूळच्या गाठी शरीरात इतरत्र क्वचितच जातात, त्यामुळे स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगासारखी स्टेज इथे लावत नाहीत. २०२१ पासून ग्रेड रोमन आकड्यांऐवजी साध्या आकड्यांत लिहितात. कारण अगदी व्यवहारी आहे: टंकताना दोनच्या रेघांना एक रेघ जास्त पडली की तीन.

प्रथिनांच्या स्टेनने सगळं कळत नाही, हेही सांगायला हवं. सीडीकेएन२ए नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर आयडीएच बदललेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा कितीही शांत दिसला तरी थेट ग्रेड ४ ठरतो. ते स्टेनवर थेट दिसत नाही. त्याच्या शेजारच्या एमटॅप या जनुकाचं प्रथिन गायब आहे का, यावरून अंदाज बांधता येतो, कारण इमारत पडली की शेजारची भिंतही बहुधा जाते. पक्कं करायला फिश किंवा सीक्वेन्सिंग लागतं.

दुसरं उदाहरण एमजीएमटी. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला जी इजा करतं, ती एमजीएमटी हे प्रथिन दुरुस्त करतं. हे जनुक मिथिलेशनने, म्हणजे डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणेने, बंद झालेलं असेल तर दुरुस्ती होत नाही आणि ग्लायोब्लास्टोमात औषध जास्त चालतं. हे २००५ साली स्पष्ट झालं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, प्रथिनाचाच स्टेन लावू, स्वस्तात काम होईल. नाही झालं. रक्तवाहिन्या आणि गाठीत शिरलेल्या इतर पेशीही हे प्रथिन बनवतात आणि वाचन गोंधळतं. म्हणून त्याची मिथिलेशन चाचणीच करतात. कुणी एमजीएमटीचा नुसता स्टेन करून उपचाराचा निर्णय सांगत असेल तर अवश्य प्रश्न विचारा.

लहान मुलांचं जग वेगळं आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. मेंदूच्या मध्यरेषेवर, म्हणजे थॅलॅमसमध्ये किंवा मेंदूच्या देठात वाढणाऱ्या काही ग्लायोमांत एच३ के२७एम हा हिस्टोनचा, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाचा, बदल अँटिबॉडीने दिसतो. तो पॉझिटिव्ह असणं ही वाईट बातमी, गाठ दिसायला सौम्य असली तरी ग्रेड ४. उलट मेड्युलोब्लास्टोमा या लहान मेंदूतल्या गाठीत बीटा-कॅटेनिन केंद्रकात तपकिरी दिसलं तर ती मुलं सहसा उपचारांना उत्तम साथ देतात. तेच बीटा-कॅटेनिन पेशीच्या कडेला दिसलं तर त्याला तो अर्थ नाही. एकच प्रथिन, फक्त खोली बदलली.

मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, तिच्याबद्दल एवढंच: ईएमए आणि एसएसटीआर-२ हे तिचे नेहमीचे झब्बे, आणि तिथे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धावायचं नाही. शांत मेनिन्जिओमात तो बहुधा पॉझिटिव्हच असतो.

कधीकधी मार्कर थेट औषधाचं दार उघडतो. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल काही ग्लायोमांत आणि क्रॅनिओफॅरिन्जिओमा या पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीच्या पॅपिलरी प्रकारात सापडतो, त्याच्यावर नेम धरणारी औषधं आहेत. आयडीएचच्या बाबतीत तर वर्षानुवर्षं आम्ही नुसतं नाव ठेवत होतो, औषध नव्हतं. २०२३ साली व्होरासिडेनिबच्या चाचणीचे निकाल आले. आयडीएच बदललेल्या, ऑपरेशननंतर रेडिएशन-केमो न घेतलेल्या ग्रेड २ गाठींत आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यांक गोळीवर २७.७ महिने होता, नुसत्या दिखाऊ गोळीवर ११.१. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. भाच्याला ते द्यायचं की नाही, हे त्याचे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील. किती गाठ उरली आहे, फिट कशा आहेत, खर्च झेपतो का, अशा बऱ्याच गोष्टी त्यात येतात. पण हा प्रश्न विचारायचा हक्क त्याला त्या दोन फुल्यांच्या ओळीने दिला आहे.

काकूंनी पेन उघडलं, परत बंद केलं. "मग आता खुणा कशा करू?"

"करू नका. सगळ्यात वर इंटिग्रेटेड डायग्नोसिस लिहिलंय ना, तेवढी ओळ वाचा. अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड २. खालच्या सगळ्या ओळी तिच्यासाठी दिलेल्या साक्षी आहेत. साक्षी एकेक वाचून निकाल लावायचा नसतो."

भाच्याला मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं होतं. त्याला म्हटलं, रिपोर्टचे फोटो पुरणार नाहीत. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घे, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून बघ, आणि काम झाल्यावर ब्लॉक परत आणून जपून ठेव. पुढे पाच वर्षांनी नवीन तपासणी निघाली तर याच मेणातून काप काढता येतील. आणि मे महिना आहे. पॅराफिन साठीच्या आतबाहेरच्या तापमानाला वितळतं. खालापूरला वडापाव खायला उतरलास तर ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नकोस, बरोबर घे.

"मग फ्रीजमध्येच ठेवते की मी सोमवारपर्यंत," काकू म्हणाल्या.

"कपाटात सावलीत चालेल, काकू."

"नको, मुंग्या लागतील."

मुंग्या लागत नाहीत. पण दुपारी खाली गेले तेव्हा फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी, श्रीखंडाचा एक डबा घासूनपुसून तयार होता. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात: उघडू नये.